सोलापुरात लहान मुलांचा निसर्गखेळाचा गट कसा सुरू करावा

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना आम्ही जुळे सोलापूर या उपनगरात तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. खाली पार्किंग, पार्किंगला फरशी, फरशीवर गाड्या. तिला माती बघायची तर माझ्या माहेरी, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या गावाला जावं लागायचं. तिथं ती दिवसभर गोठ्याच्या कडेला काहीतरी उकरत बसायची आणि रात्री अंथरुणाला पाठ लागली की झोपायची. घरी परत आलं की पुन्हा मोबाइल आणि पुन्हा अकरा वाजेपर्यंत जागरण. शेवटी शेजारच्या दोघींना सोबत घेतलं आणि दर रविवारी सकाळी मुलांना बाहेर न्यायला लागले. आता चौथं वर्ष चालू आहे. तीन ते सहा वयाची आठ-दहा लेकरं, तीन-चार मोठी माणसं, एक झाड आणि दीड तास, असा आमचा गट आहे.

पहिल्या वर्षी बरंच चुकलं. कुणाला विचारावं तेही कळत नव्हतं. म्हणून ज्या क्रमानं करायला हवं होतं त्या क्रमानं इथं लिहिते. बालवाडी किंवा अंगणवाडी चालवणाऱ्या ताईंनाही यातलं बहुतेक सगळं उपयोगी पडेल.

१. हे काय आहे ते आधी घरात सांगा

पहिला अडथळा घरातच येतो. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "मातीत खेळायला न्यायला काय लागतंय? आमची लेकरं आपोआप खेळली." त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या वेळी वाड्यापुढं अंगण होतं, गल्लीत गाड्या नव्हत्या आणि दहा घरांच्या आज्या ओट्यावर बसून लक्ष ठेवायच्या. ते अंगण आणि त्या आज्या आता मुद्दाम जमवाव्या लागतात, असं मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या महिन्यापासून त्या स्वतः यायला लागल्या. आज गटात सगळ्यात शांतपणे बसून लक्ष ठेवणारं माणूस त्याच आहेत.

काही पालकांना हे परदेशातलं नवं फॅड वाटतं. त्यांना मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम सांगते. १९४५ मध्ये या दोघींनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभारलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, अशी अंगणवाडीची कल्पना त्यांनी रुजवली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणावरच शाळा भरायची, तिचं नावच कुरणशाळा. शिकवायचं साहित्य म्हणजे खडे, बिया, पानं, शिंपले. आपल्याच राज्यात, इतक्या वर्षांपूर्वी हे झालेलं आहे.

शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलायचं असेल तर आणखी दोन गोष्टी सांगा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी आणि त्यातली ६० मिनिटं चांगली धावपळीची हवीत. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाचा हिशेब एक दिवस मांडून बघा. मी मांडला तेव्हा मला धक्का बसला होता.

२. जागा एकच निवडा आणि ती बदलू नका

माझी सगळ्यात मोठी चूक इथंच झाली. पहिले दोन महिने मी दर रविवारी नवी जागा शोधायचे. एकदा बाग, एकदा तळं, एकदा कुणाचं तरी शेत. मुलं दर वेळी बावरायची, आईच्या ओढणीला धरून उभी राहायची आणि रुळायला लागली की निघायची वेळ व्हायची. मग एका ओळखीच्या कुटुंबानं होटगी रोडच्या बाजूचं त्यांचं पडीक रान वापरायला दिलं. दोन कडुनिंब, एक चिंच, बांधाला बाभळी आणि एका कोपऱ्यात मुरमाचा ढीग. दिसायला काहीच नाही. पण तिसऱ्याच रविवारी लेकरं गाडीतून उतरली की थेट "आपल्या" ढिगाकडं पळायला लागली. मागच्या वेळी पुरून ठेवलेली करवंटी शोधायची होती त्यांना. चिंचेला फूल कधी येतं आणि कडुनिंबाची पानं कधी गळतात, हे त्याच झाडाखाली वर्षभर गेल्याशिवाय चार वर्षांच्या मुलाला कळणार कसं?

जागा बघायला आधी एकटं जा. मुलांना नेणार त्याच वाराला, त्याच वेळी जा. बघायच्या गोष्टी अशा:

- सकाळी साडेआठलाही सावली राहील असं निदान एक मोठं झाड.
- वीस-पंचवीस पावलांत दिसणारी नैसर्गिक हद्द: बांध, कुंपण, झाडांची रांग.
- जवळ उघडी विहीर, शेततळं, कॅनॉल किंवा डांबरी रस्ता नसणं.
- गाडी जिथपर्यंत येते तिथून चालत पाच मिनिटांच्या आतलं अंतर.
- फोनला रेंज.
- झाडावर आग्या मोहोळ नसणं. मान वर करून प्रत्येक फांदी बघा.

शेत नसेल तर शहरातही सोय आहे. विजापूर रोडवर कंबर तलावाजवळचं स्मृती उद्यान आणि त्याच रस्त्यावरचं सिद्धेश्वर वनविहार या दोन जागा लहान मुलांसाठी मला चांगल्या वाटतात, कारण तिथं झाडं दाट आहेत आणि पाखरं भरपूर दिसतात. उघडण्याची वेळ, तिकीट आणि गटाला लागणारी परवानगी गेटवर आधी विचारून घ्या. किल्ल्याजवळची हुतात्मा बाग शहराच्या मध्यावर राहणाऱ्यांना सोयीची. मात्र बागेतल्या घसरगुंडीच्या नादाला लागू नका. पत्रा नऊ वाजताच चटके देतो आणि घसरगुंडी दिसली की मुलं दुसरं काही बघत नाहीत. सोसायटीच्या मागचा मोकळा प्लॉटही चालतो, पण काचा, पत्रे आणि औषधांच्या सुया आधी सगळ्यांनी मिळून वेचून काढाव्या लागतात. आम्ही एकदा तीन गोण्या कचरा काढला.

सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव आणि हिप्परग्याचं तळं फार सुंदर आहे, तरी नेहमीची जागा म्हणून पाण्याची कड निवडू नका. मोठ्यांचं सगळं लक्ष पाण्यावरच राहतं आणि दीड तास "इकडं ये, इकडं ये" करण्यात जातो.

३. वेळ उन्हाला विचारून ठरवा

पुण्या-मुंबईच्या लेखांत "दुपारी चार वाजता" वगैरे वाचायला मिळतं. आपल्याकडं मार्चमध्ये चार वाजता जमीन तापलेली असते. मी एकदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात साडेचारला गेले होते. अर्ध्या तासात दोन मुलांचे चेहरे लालबुंद झाले आणि एकाला उलटी झाली. त्या दिवसापासून आमचं ठरलेलं आहे:

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: सकाळी ८ ते ९.३०.
- मार्च: सकाळी ७ ते ८.३०.
- एप्रिल, मे: ६.१५ ते ७.३०, आणि तेही ज्यांना जमेल त्यांनीच. पारा ४० च्या वर जातो त्या दिवसांत साडेसातनंतर थांबायचं नाही.
- जून ते ऑक्टोबर: सकाळी ७.३० ते ९, आभाळ बघून.

सुरुवात करायला सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतरचा. हवा चांगली, चिखल वाळलेला, रानात पिकं उभी. जूनमध्ये नव्या शाळेच्या गडबडीत सुरू केलेला गट टिकत नाही, हे मी दोनदा बघितलं.

४. माणसं जमवा

पाच कुटुंबं पुरेत. आठ मुलांमागं तीन मोठे हे आमचं कमीत कमी प्रमाण आहे, आणि त्या तिघांतला एक फक्त मोजत असतो. दर दहा मिनिटांनी डोकी मोजणं एवढंच त्याचं काम. त्यानं फोन काढायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत. दर रविवारी हे काम बदलून बदलून करा, नाहीतर एकाच बाईवर पडतं.

कुठलंही मूल शौचाला किंवा कपडे बदलायला एका मोठ्या माणसासोबत एकटं जात नाही. दोन मोठे जातात, नाहीतर त्याची स्वतःची आई जाते. पहिल्याच बैठकीत हे सरळ सांगा. सांगताना संकोच वाटतो, पण सांगितल्यावर सगळ्या पालकांना बरं वाटतं.

शक्य असेल तर वेगवेगळ्या घरांतली मुलं घ्या. आमच्या गटात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी मुलं आहेत. पूर्व भागातलं, घरी तेलुगू बोलणारं एक लेकरू आलं तेव्हा ते पहिले तीन रविवार एक शब्द बोललं नाही. चौथ्या रविवारी चिंचेखाली बसून हळूच म्हणालं, "चिंतपंडू." लगेच दुसरीकडून आवाज आला, "हुणसे!" त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक झाडाला तीन नावं आहेत. कडुनिंब म्हणजे वेप आणि बेवु. मुलांना ही तिन्ही नावं पाठ आहेत, आम्हा मोठ्यांना अजून अडखळायला होतं. सोलापुरात राहून हे फुकट मिळतंय, ते घ्या.

५. कागदपत्रं

गट घरगुती असला तरी कागद करा. आम्ही सहा महिने तसेच गेलो आणि एका मुलाला पडून टाके पडले तेव्हा त्याच्या आजोबांचा फोन नंबर कुणाकडंच नव्हता.

- प्रत्येक मुलाची एका पानाची माहिती: नाव, वय, रक्तगट, अॅलर्जी, दमा किंवा फिट येत असल्यास त्याची नोंद, चालू औषधं, नेहमीचे डॉक्टर, दोन फोन नंबर.
- धनुर्वाताची लस कधी झाली त्याची तारीख. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो चालतो.
- पालकांचं सहीचं संमतीपत्र. त्यात "मूल मातीत, पाण्यात खेळेल, झाडावर कमी उंचीपर्यंत चढेल, खरचटू शकतं" हे साध्या मराठीत लिहिलेलं असावं.
- जागेच्या मालकाचं चार ओळींचं परवानगीपत्र. उद्यान असेल तर तिथल्या कार्यालयाला दिलेल्या अर्जाची पोच.
- मुलाला कोण घेऊन जाणार त्याची नावं. ओळखीचा असला तरी यादीत नाव नसलेल्या माणसाकडं मूल द्यायचं नाही.
- फोटोंबद्दल लेखी नियम. आमचा नियम असा की फोटो फक्त आपापल्या मुलाचा काढायचा आणि स्टेटसला ठेवायचा नाही.

हे सगळं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, पिशवीत, दर रविवारी सोबत.

६. पिशवीत काय हवं

बाजारात मिळणारे "निसर्ग किट" घेऊ नका. पहिल्या वर्षी आमचा सगळा खर्च मिळून दोन हजारांच्या आत होता, त्यातला निम्मा प्रथमोपचाराच्या पेटीचा.

- पिण्याचं पाणी: प्रत्येक मुलाची बाटली आणि वर पाच लिटरचा एक कॅन.
- खेळायचं पाणी: पाच लिटरचे दोन कॅन.
- जुनी उलथणी, करवंट्या, तांब्या, चाळणी, डबे, सुतळी, जुनी धोतरं किंवा साड्या.
- साबण, दोन टॉवेल, प्रत्येकाचा एक जादा कपड्यांचा जोड.
- प्रथमोपचार: जंतुनाशक, गॉज, पट्ट्या, चिमटा, ओआरएसची पाकिटं.
- शिट्टी एकच. ती फक्त "सगळे झाडाखाली" यासाठीच वाजवायची.
- लाल रिबन, हद्द दाखवायला.

खेळायच्या पाण्यावरून आमच्या गटात बराच वाद झाला. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात चिखल करायला पाणी वापरायचं हे अनेकांना पटेना, आणि ते मला योग्यच वाटलं. मग असं ठरलं की प्रत्येकानं आदल्या दिवशी भाज्या, तांदूळ धुतलेलं पाणी बाटलीत भरून आणायचं. दहा लिटर सहज जमतं. त्याहून जास्त लागत नाही. मुलांना पाणी मोजून मिळालं की ती ते फार जपून वापरतात, आळी करतात, छोटी धरणं बांधतात, आणि धरण फुटलं की खरंच हळहळतात.

कपडे जुने, पूर्ण बाह्यांचे, पॅंट पायापर्यंत. चप्पल नको, बूट हवेत. आपल्या माळावर सराटे आणि बाभळीचे काटे आहेत, ऑक्टोबरनंतर कुसळं आहेत. मऊ मातीचा तुकडा आधी झाडून, तपासून घेतला असेल तर तेवढ्यात अनवाणी खेळू द्या.

खाऊला कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी, पेरूच्या फोडी, गुळाचा लाडू. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांखालच्या मुलांना नकोत. पळता पळता घशात अडकतात. खाताना सगळ्यांनी बसायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

७. पहिले चार रविवार

पहिला रविवार: फक्त हद्द. मुलांना हाताला धरून रिबन बांधलेल्या झाडांभोवती दोन फेऱ्या मारा. शिट्टी वाजली की मोठ्या झाडाखाली यायचं, हा खेळ पाच-सहा वेळा खेळा. बाकी वेळ त्यांना मोकळं सोडा. काही जण रडतील. आईला थांबू द्या.

दुसरा रविवार: माती. उलथणी आणि डबे मधे ठेवा आणि बाजूला व्हा. "चला, आपण किल्ला करूया" म्हणू नका.

तिसरा रविवार: पाणी आणा. काळी माती असेल तर ती हाताला, बुटाला, केसाला चिकटेल आणि घरी गेल्यावर आया वैतागतील. हे त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. मुरूम असेल तर त्रास कमी, पण त्याचे खेळायचे बैल होत नाहीत. बैलासाठी काळीच माती हवी.

चौथा रविवार: काहीच नवीन आणू नका. आता मुलं काय करतात ते बघा. आमच्याकडं एका पाच वर्षांच्या मुलीनं चिंचेखालच्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे खड्डे शोधले. त्यात एक मुंगी घसरली आणि तळातून काहीतरी माती उडवायला लागलं. ती अळी असते, मुंग्या पकडायला असा खड्डा करून तळाशी दबा धरून बसते. ती मुलगी चाळीस मिनिटं तिथून हलली नाही. तिची आई मला आधी सांगून गेली होती की ही एका जागी पाच मिनिटं बसत नाही.

दीड तासाची रचना साधी ठेवा. आल्यावर झाडाखाली गोल करून दहा मिनिटं, मग तासभर मोकळा खेळ, मग हात धुऊन खाऊ, शेवटी एक गोष्ट किंवा गाणं. पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर लगोरी, विषामृत, सूरपारंब्या त्यांची तीच सुरू करतात. तीन वर्षांच्यांची भातुकली बाजूला चालू राहते.

८. मोठ्यांनी हात आणि तोंड आवरावं

सगळ्या पायऱ्यांत ही अवघड. पहिल्या काही महिन्यांत आम्ही मोठी माणसं सतत बोलत होतो. "हे बघ कोतवाल! त्याचं शेपूट कसं आहे सांग. किती पाय आहेत मुंगीला? मोज." मूल मुंगीकडं बघत असतं, आपण त्याला प्रश्न विचारून आपल्याकडं बघायला लावतो. मी एकदा पानं गोळा करून वहीत चिकटवायचा उपक्रमही आणला होता. वीस मिनिटांत सगळं रान सोडून दहा मुलं फेव्हिकॉलच्या डब्याभोवती जमली. पुन्हा आणला नाही.

आता आमची रीत अशी आहे: मुलानं विचारलं तर सांगायचं. माहीत नसेल तर "मला माहीत नाही, बघूया" म्हणायचं. विचारलं नाही तर गप्प बसायचं. "पडशील" असं ओरडायचं नाही. झाडावर चढणाऱ्या मुलाजवळ जाऊन उभं राहायचं आणि "पाय कुठं ठेवणार आहेस?" एवढंच विचारायचं. मूल स्वतःहून जेवढं चढलं तेवढंच चढू द्या. उचलून फांदीवर बसवू नका, कारण जिथं स्वतः चढता येत नाही तिथून उतरताही येत नाही.

भांडणं होतील. काठीवरून सगळ्यात जास्त. काठी स्वतःच्या हातापेक्षा लांब असेल तर ती टोकाला धरून ओढत न्यायची, फिरवायची नाही, असा आमचा नियम आहे. एवढ्यानं निम्मी भांडणं कमी झाली.

९. धोके, आणि खरोखर काय करायचं

यात भिडस्तपणा नको. सगळ्या मोठ्यांना हे तोंडपाठ हवं.

तोंडात घालणं: मोठ्या माणसाला दाखवल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही, चिंच आणि बोरंसुद्धा. आपल्याकडं पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या खेळायची जुनी सवय आहे. त्या बिया हृदयावर परिणाम करणाऱ्या विषाच्या आहेत. लाल कण्हेर, धोत्रा, एरंडाच्या बिया, गुंजा, घाणेरीची कच्ची फळं हीही विषारीच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, लगेच भरपूर पाण्यानं धुऊन डॉक्टरकडं जा. गाजरगवतानं काही मुलांच्या अंगाला खाज सुटते. ते आधी उपटून टाका, हातमोजे घालून, फुलावर येण्याआधी.

विंचू आणि साप: दगड, गोवऱ्या, लाकडांचा ढीग मुलांनी उचलायचा नाही. मोठ्यानं काठीनं आपल्या दिशेनं उलटून दाखवायचा, म्हणजे खालून निघालेला जीव पलीकडं जातो. आदल्या संध्याकाळी किंवा मुलं यायच्या आधी पूर्ण जागेतून पाय आपटत फेरी मारा. विंचू चावल्यावर मुलाला घाम सुटला, उलटी झाली, हात-पाय गार पडले तर एक मिनिट घालवू नका. खरं तर लहान मुलाला ही लक्षणं दिसायची वाटच बघू नका, थेट दवाखाना. साप चावला तर दोरी बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. मुलाला शांत ठेवा, चावलेला भाग हलू देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा स्वतःच्या गाडीनं सिव्हिल गाठा. मंत्र, मिरची, कडुनिंबाचा पाला यात जीव गेलेत.

कुत्री: शहरात सापापेक्षा हा धोका मोठा. कुत्रं आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हा मुलांबरोबर खेळ म्हणून खेळा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद, चुना लावू नका.

शेततळं: मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात उतरलेलं माणूस, मोठं असलं तरी, ओल्या कागदावरून वर चढू शकत नाही. दुसऱ्या वर्षी एका ओळखीच्यांच्या शेतात गेलो होतो, तळ्याला कुंपण आहे असं सांगितलं होतं. कुंपण एका बाजूनं पडलेलं होतं. मोजणाऱ्या बाईच्या मोजणीत एक डोकं कमी आलं आणि लेकरू तळ्याच्या भरावावर चढताना सापडलं. त्या दिवशी आम्ही अर्ध्या तासात परत आलो. शेततळं असलेल्या शेतात आता आम्ही जात नाही, कुंपण असो नसो.

ऊन: मुलाचा घाम थांबला, ते सुस्त झालं, अंग तापलं तर सावली, ओला कपडा, वारा आणि लगेच डॉक्टर. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन-दोन घोट पाजा.

१०. वर्षात कधी काय बघायला मिळतं

इथं मला हात आखडता घेवत नाही, कारण "आपल्याकडं काय आहे बघायला, नुसता माळ" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग निघतं. पहिला चांगला पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत ओल्या मातीवर लाल मखमलीचा मृगाचा किडा फिरायला लागतो. तळहातावर घ्या, काही करत नाही. पाय मोजले तर आठ भरतात, म्हणजे तो कोळ्याच्या नात्यातला, किड्यांच्या नाही. आमच्या मुलांनी हे स्वतः मोजून मला सांगितलं. कारहुणवीच्या, म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेच्या बैलांच्या सणाच्या आसपास काळ्या मातीचे बैल करायला बसा. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडची कुटुंबं असतील तर त्यांच्या घरच्या आज्यांना बोलवा, त्यांचे बैल उभे राहतात, आपले पडतात.

पावसाळ्यात विहिरीवर किंवा ओढ्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबायला लागतात. लांबून बघा. नर अर्धवट विणून ठेवतो आणि मादीला पसंत पडलं तरच पुढचं काम होतं. वाऱ्यानं खाली पडलेलं घरटं मिळालं तर ते मुलांना उलगडून बघू द्या. आपल्याकडं पावसाचा जोर सप्टेंबरमध्ये असतो, त्यामुळं ते दोन-तीन रविवार बुडणार हे धरूनच चाला.

दसऱ्याला आपट्याचं पान हातात घेऊन त्याचे दोन जोडलेले भाग बघायचे. नोव्हेंबरात ज्वारी गुडघ्याच्या वर जाते आणि तीन वर्षांच्या मुलाला ते जंगलच असतं. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या चुकवू नका. आपल्या भागात त्या दिवशी सगळं घर रानात जेवायला जातं, भज्जी आणि आंबील घेऊन. गटातल्या एखाद्या शेतकरी कुटुंबाला विचारा, ते आनंदानं बोलावतात. मग जानेवारीत हुरडा. कणीस तोडणं, आगटीत भाजणं लांबून बघणं, गरम हुरडा हातावर चोळून फुंकून खाणं. आगटीभोवती दगडांची रेघ करा आणि मुलांना तिच्या बाहेर बसवा.

मार्चमध्ये पळस आणि काटेसावर. एका फुललेल्या काटेसावरीखाली अर्धा तास नुसतं बसलात तरी साळुंक्या, कावळे, शिंजीर मध प्यायला येताना दिसतात. एप्रिलमध्ये कडुनिंबाचा मोहोर, त्याच्या वासानं मुलं "काकू, कसला वास येतोय ओ?" विचारतात. मे महिन्यात बहावा.

११. नान्नजला जायचं असेल तर

बार्शी रस्त्यावरचं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे आणि सोलापूरच्या मुलांनी ते बघायलाच हवं. पण पाच वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि आपल्या नेहमीच्या जागेवर निदान वर्षभर गेल्यावर. माळढोक दाखवायचं वचन देऊन नेऊ नका. तो आता दिसणं फारच दुर्मीळ झालंय आणि मूल दिवसभर तेवढंच शोधत राहतं. काळविटांचे कळप दिसतात, माळावर पळणारे धाविक पक्षी दिसतात, चंडोल गात उंच जातो. मुलांना हेच बघायला जातोय असं सांगा.

थंडीत जा, सकाळी उजाडता उजाडता पोचा. मातकट, हिरवट कपडे घाला, लाल-पिवळे नकोत. परवानगी वनविभागाकडून आधी घ्या आणि गाडीतून कुठं उतरायचं, कुठं नाही, ते तिथल्या माणसांना विचारूनच ठरवा. दुर्बीण एकच न्या. दोन नेल्या तर मुलं प्राणी सोडून दुर्बिणीवरून भांडतात. शौच, पाणी, खाऊ सगळं आत शिरण्याआधी उरकून घ्या, कारण एकदा कळप समोर आला की दहा-पंधरा मिनिटं कुणालाच हलता येत नाही. टिटवीच्या जमिनीवरच्या घरट्यावर पाय पडू नये म्हणून मुलांना वाटेवरूनच चालवा. ती तीन-चार अंडी उघड्या मातीवरच घालते आणि ती खड्यांसारखी दिसतात.